आधी बँड, मागं अख्खी गल्ली

न्यू ऑर्लिन्सला जायचं असेल तर मध्ये एक रविवार येईल असं बघून जा, आणि तो रविवार पर्यटकांनी भरलेल्या बर्बन स्ट्रीटवर घालवू नका. एवढंच सांगायला बसले होते, पण बरंच काही येणार आहे, कारण फिरायला गेलेल्या बाईच्या नजरेनं हे शहर मला बघताच आलं नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, कराडात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आमचा समाज मातंग. हलगी, सनई आणि इंग्रजांच्या पलटणींमुळे आलेला बँड हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्यामुळे गावात गेल्यावर मी आधी हे बघते, की वाजवणाऱ्याला इथं कुठं उभं करतात, जेवायला कधी बसवतात आणि तो गेल्यावर काय करतात.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. तिथून न्यू ऑर्लिन्स साधारण ३५० मैल, आय-टेन हायवेनं पूर्वेला सहा तासांचा रस्ता. मार्चमध्ये लेकीच्या शाळेला सुट्टी होती आणि आई कराडहून आलेली होती. लुइझियानात शिरल्यावर ॲचाफलाया नावाच्या दलदलीवरून १८ मैलांचा पूल लागतो. दोन्ही बाजूंना पाण्यात उभी झाडं आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा. आई खिडकीला नाक लावून बसली होती. "एवढ्या पाण्यात माणसं राहत्यात कशी गं?" तिनं विचारलं, आणि तिचा हा प्रश्न पुढं शहरभर आमच्याबरोबर फिरला.

थोडं उत्तर जॅक्सन स्क्वेअरसमोर मिळतं. चौकातून नदी दिसतच नाही. पायऱ्या चढून बांधावर जावं लागतं, मग एकदम मिसिसिपी समोर येते, एवढी रुंद की पलीकडची माणसं ओळखू येत नाहीत. शतकानुशतकं गाळ टाकून नदीनं आपलेच काठ उंच केले. १७१८ साली फ्रेंचांनी गाव वसवलं ते त्या उंच काठावर. काठापासून लांब जाल तसतशी जमीन खाली उतरत जाते, आणि आज शहराचा जवळपास निम्मा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. पावसाचं पाणीसुद्धा पंपांनी उपसून बाहेर टाकावं लागतं.

फ्रेंच क्वार्टर, म्हणजे शहराचा सगळ्यात जुना भाग, मी भरभर सांगून टाकते, कारण त्याबद्दल सगळेच लिहितात. नाव फ्रेंच असलं तरी १७८८ आणि १७९४ च्या आगींत जुनी वस्ती जळाली, तेव्हा राज्य स्पेनचं होतं. म्हणून कमानी आणि आतले चौक स्पॅनिश धाटणीचे. लोखंडी नक्षीचे सज्जे त्याहून नंतरचे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे. १८६२ पासून चालू असलेल्या कॅफे दु माँदमध्ये एका बशीत तीन बेन्ये येतात, म्हणजे तळलेल्या मैद्याच्या चौकोनी गरम उश्या, वर पिठीसाखरेचा ढीग. सोबत चिकोरी घातलेली कॉफी. चिकोरीची सवय फ्रेंचांची, आणि यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी होऊन कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा ती पक्की झाली. आईला कॉफी कडू लागली, पण बेन्ये तिनं मन लावून खाल्ले आणि साखर नऊवारीवर सांडल्याचं तिला काही वाटलं नाही.

या सुंदर गल्ल्यांतून चालताना एक गोष्ट विसरता येत नाही. यादवी युद्धाच्या आधी अमेरिकेतला माणसं विकण्याचा सगळ्यात मोठा बाजार या शहरात भरत होता. आता कोपऱ्याकोपऱ्यांवर त्याच्या पाट्या लावल्या आहेत. लेक प्रत्येक पाटीपाशी थांबून वाचत होती आणि आजीला मराठीत सांगत होती. विक्रीच्या दिवशी माणसांना नवे कपडे घालून रांगेत उभं करायचे, हे सांगताना तिचा आवाज बदलला.

रॅम्पार्ट स्ट्रीट ओलांडला की ट्रेमे लागतं. अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी ही एक. इथं लुई आर्मस्ट्राँगच्या नावाच्या बागेत एका बाजूला दगडी फरशीची मोकळी जागा आहे, तिला काँगो स्क्वेअर म्हणतात. फ्रेंचांच्या काळापासून गुलामांना रविवारची सुट्टी होती. रविवारी ते इथं जमायचे, भाजी-फळं विकायचे, ढोल वाजवायचे, गोल करून नाचायचे. अमेरिकेच्या बाकी दक्षिण भागात बहुतेक ठिकाणी गुलामांच्या हातचे ढोल काढून घेतले होते. १८१७ साली नगरपालिकेनं ठराव केला की जमायचं तर एकाच ठरवून दिलेल्या जागी, आणि ती ही जागा ठरली. आफ्रिकेतला ठेका या फरशीवर जिवंत राहिला आणि पुढं लष्करी बँडच्या पितळी वाद्यांना जाऊन मिळाला. जॅझचं मूळ शोधणारे सगळे शेवटी इथं येऊन उभे राहतात. आईला मी हे सांगितलं. तिनं चपला काढल्या आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मी तिला काही विचारलं नाही.

बागेतच आर्मस्ट्राँगचा पुतळा आहे, हातात ट्रंपेट आणि रुमाल. १९०१ साली तो याच शहरात जन्मला, फार गरिबीत. कार्नोफ्स्की नावाच्या ज्यू कुटुंबाच्या गाडीवर काम करताना पत्र्याचं भोंगं फुंकायचा. पुढं मुलांच्या सुधारगृहात त्याच्या हातात कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखंच वाद्य, आलं. सगळ्या जगात नाव झाल्यावर १९४९ साली मार्डी ग्रा नावाच्या इथल्या कार्निव्हलच्या मिरवणुकीत कृष्णवर्णीयांच्या झुलू क्लबनं त्याला राजा केलं. पण १९५६ साली लुइझियानानं कायदा केला, त्यानं गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांना एका मंचावर येता येईना. त्याच्या बँडमध्ये दोन्ही होते. मग त्यानं आपल्याच गावात वाजवायचं सोडलं आणि थेट १९६५ साली परत आला. २००१ साली याच शहरानं विमानतळाला त्याचं नाव दिलं. मला यातलं विमानतळाचं नाव एवढं मोठं वाटत नाही. आपल्या सोबत्यांना खाली उतरवून मी एकटा मंचावर चढणार नाही, हे त्यानं नऊ-दहा वर्षं पाळलं, ते मोठं वाटतं.

हा सूर आमच्या घरापर्यंत कसा आला, तेही इथं सांगते. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझ वादक येऊन वाजवायचे. गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती वादकांनी ते जवळून ऐकलं. त्यांना चर्चच्या शाळांमधून नोटेशन वाचता येत होतं, त्यामुळे हात लवकर बसला. हळदोण्याचा अंतोनियो वाझ ट्रंपेट वाजवायचा, त्याला चिक चॉकलेट म्हणायचे, भारताचा लुई आर्मस्ट्राँगही म्हणायचे. तो सी. रामचंद्रांबरोबर काम करायला लागला आणि १९५१ च्या 'अलबेला'त ते सगळं उतरलं. पुणतांब्याचा संगीतकार, मुंबईच्या गिरणगावातला भगवानदादा आणि हळदोण्याचा ट्रंपेटवाला. आण्णांच्या बँडमध्ये नवरदेव घोड्यावर चढला की 'अलबेला'तल्या चाली हमखास वाजायच्या. त्या पुतळ्याखाली आईनं त्यांतली एक गुणगुणली आणि लेकीनं मोबाइलवर ती शोधून लावली. बाकावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ ठेक्यावर मान हलवायला लागले. त्यांना ती चाल अनोळखी वाटलीच नाही.

सेंट ऑगस्टिन चर्च तिथून चार पावलांवर आहे, १८४० च्या दशकातलं. बांधून होत आलं तेव्हा स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी बसायचे बाक विकत घ्यायला सुरुवात केली. ते बघून गोऱ्यांनीही बाक घ्यायचा सपाटा लावला, तर या लोकांनी आणखी पैसे उभे केले आणि बाजूच्या रांगा विकत घेऊन गुलामांना बसायला दिल्या. चर्चच्या भिंतीला लागून जाड साखळदंडांचा एक आडवा पडू लागलेला क्रूस आहे, निनावी गुलामाची समाधी म्हणून. आईनं त्या साखळीला हात लावून नमस्कार केला.

एक कडेची गोष्ट, पण मला फार आवडलेली. १८८०-९० च्या सुमारास बंगालच्या हुगळी भागातले मुसलमान फेरीवाले चिकनकामाचं कापड विकायला या बंदरात यायचे. त्यांतले काही ट्रेमेत आणि आसपास राहिले, कृष्णवर्णीय बायकांशी लग्नं केली, संसार केले. म्हणजे आमच्या आधी शंभर-सव्वाशे वर्षं आपल्याकडची माणसं या गल्ल्यांतून गाठोडी घेऊन फिरत होती.

आता रविवार.

सेकंड लाइन म्हणजे मिरवणूक, पण देवाची नाही, नेत्याची नाही, आणि बघ्यांसाठी तर नाहीच. शहरात सोशल एड अँड प्लेझर क्लब नावाची मंडळं आहेत. वर्षातला एक रविवार एका मंडळाचा. त्या दिवशी सभासद एकसारखे सूट, टोप्या, जोडे घालून निघतात, हातात शहामृगाच्या पिसांचे पंखे. सभासद आणि बँड ही पहिली रांग. मागून चालणारी सगळी वस्ती ही दुसरी रांग, म्हणून सेकंड लाइन. मिरवणूक चार तास चालते, वाटेत ठरलेल्या घरांपाशी आणि बारपाशी थांबते.

आम्ही दुपारी बारापासून एका साध्या लाकडी घरासमोर उभे होतो. आधी कोपऱ्यावर सूझाफोन या पितळी वाद्याचा घुमारा आला. तो एवढा मोठा असतो की वाजवणारा त्याच्या आतच शिरलेला असतो. मग दोन ट्रंपेट, दोन ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, साइड ड्रम, मोठा ढोल. बँड दारासमोर येऊन उभा राहिला आणि वाजवायला लागला. तेव्हा कुठं दार उघडलं आणि एकेक सभासद नाचत बाहेर आला. फिकट केशरी सूट, त्याच रंगाची टोपी, त्याच रंगाचे जोडे. पहिला आला तो साठीचा असेल. उंबऱ्यावर गुडघ्यात वाकला, पाय घसरवत तीन पायऱ्या उतरला आणि सगळी गल्ली ओरडली.

मी बँडकडं बघत होते. बँडला कोणी हाताशी धरून बाजूला करत नव्हतं. व्हिडिओ काढायला जागा कर म्हणून कोणी ढकलत नव्हतं. ट्रंपेटवाल्याचं नाव घेऊन लोक हाका मारत होते. दहा-बारा वर्षांची पोरं ढोलवाल्याच्या कोपराला चिकटून चालत होती, त्याचे हात बघत. आण्णांचं नाव वरातीत कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. "ए क्लारनेट, पुढं हो" असं म्हणायचे. मांडवात पंगती उठेपर्यंत बँडवाले बाहेर ट्रॅक्टरच्या सावलीला बसून असायचे.

चालत चालत आम्ही क्लेबोर्न ॲव्हेन्यूवर आलो. इथं पूर्वी चार रांगांत ओकची जुनी झाडं होती आणि दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीयांची दुकानं. १९६६ साली ती झाडं तोडली आणि वस्तीच्या छाताडावरून हायवेचा उंच पूल नेला. तो पूल म्हणजे आय-टेन, ज्याच्यावरून आम्ही ह्यूस्टनहून गाडी दामटत आलो होतो. वरून येताना खाली काय आहे ते आम्हाला कळलंही नव्हतं. त्या पुलाखाली बँड थांबला. काँक्रिटच्या छताला आवाज आदळून चौपट झाला, सूझाफोन तर पोटात वाजत होता. लोकांनी पुलाच्या खांबांवर तोडलेल्या झाडांची आणि आपल्या माणसांची चित्रं रंगवली आहेत. त्या खांबांमध्ये सगळी गर्दी बेभान नाचत होती. लेक नाचली, नवरा नाचला. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा रस्त्याच्या मधल्या हिरवळीवर बसलेल्या एका आजीबाईंनी न बोलता आपली घडीची खुर्ची पुढं सरकवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांनी आईला थंड पाण्याची बाटली दिली आणि आईनं पर्समधली चिक्की काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"क्लारनेट कुठाय पण?" आईनं मला विचारलं. तिनं बरोबर पकडलं होतं. रस्त्यावरच्या आजच्या बँडांमध्ये क्लॅरिनेट क्वचितच दिसतं. आवाज मोठा झाला, ठेका जड झाला, त्यात ते बुडतं. आपल्याकडंही बेंजो पार्टी आली, कीबोर्ड आला, मग डॉल्बी आली आणि क्लॅरिनेटवाले घरी बसले. आण्णांची शेवटची दोन-तीन वर्षं सुपाऱ्या कमीकमीच होत गेल्या.

ही मंडळं का निघाली ते कळल्यावर मला या शहराचा सगळ्यात जास्त आदर वाटला. गुलामगिरी गेल्यावर कृष्णवर्णीयांना विमा कंपन्या दारात उभं करत नव्हत्या. मग लोकांनी आपल्याच मंडळ्या काढल्या. महिन्याची वर्गणी भरायची, आजारपणात डॉक्टर आणि औषध मंडळीकडून, आणि मरण आलं तर अंत्ययात्रा, तीही बँडसकट, मंडळीकडून. यंग मेन ऑलिम्पियन नावाची मंडळी १८८४ पासून आहे, ती अजूनही मिरवणूक काढते. म्हणजे हे सूट, पंखे, नाच यांच्या तळाशी औषधपाण्याचा हिशेब आहे. १९९८ साली तर शहरात वादकांसाठी वेगळा दवाखाना निघाला, म्युझिशियन्स क्लिनिक नावाचा. आण्णांच्या पार्टीत असा फंड नव्हता. आजारपणात बँडमास्तर उचल द्यायचे आणि पुढच्या सराईत ती कापून घ्यायचे. मास्तरांना तरी दुसरं काय शक्य होतं?

अंत्ययात्रेची रीत अशी. चर्चपासून स्मशानाकडे जाताना बँड संथ, रडवी भजनं वाजवतो, पाऊल अर्ध्यात थांबवत चालतो. मृतदेहाला निरोप दिला की साइड ड्रमवाला तडतड सुरू करतो आणि परतीच्या वाटेवर सगळे नाचत येतात. माणूस त्रासातून सुटला, त्याला आनंदानं पाठवायचं. आईनं हे नीट ऐकून घेतलं. आपल्याकडंही पिकलं पान गेलं तर हलगी लावून नेतात, ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुझ्या आण्णांना न्हाई वाजवलं कुणी." आण्णा गेले तो मे महिना होता, दाट तिथीचा दिवस. पार्टीची दोन लग्नांची सुपारी घेतलेली, इसार घेतलेला. वाजवणारे सगळे वरातीत होते. रात्री आले ते लाल कोट अंगातच घेऊन, आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसले. न्यू ऑर्लिन्समध्ये वादक गेला तर शहरातले सगळे बँडवाले आपापली वाद्यं घेऊन येतात, कोणी बोलवायची वाट बघत नाही.

तिथंही सगळं गोड नाही. २००७ साली ट्रेमेत एका वादकाच्या मरणानंतर संध्याकाळी गल्लीत वाजवत निघालेल्या मिरवणुकीत पोलीस घुसले, परवानगी नाही म्हणून दोन वादकांना पकडलं. २०१० मध्ये रात्री आठनंतर रस्त्यावर वाजवायचं नाही असा जुना नियम काढून बँडच्या पोरांना नोटीस धरली. पर्यटकांच्या जाहिरातीत ट्रंपेट असतोच, पण तो वाजवणारा भाडं कसं भरतो ते जाहिरातीत नसतं. मिरवणूक संपल्यावर ट्रॉम्बोनवाला पोरगा फुटपाथवर बसून ओठांना बर्फ लावत होता. ते ओठ मी ओळखते.

संध्याकाळी सेंट पीटर स्ट्रीटवरच्या प्रिझर्वेशन हॉलला गेलो. १९६१ साली सुरू झालेली ही जागा म्हणजे एक जुनी, रंग उडालेली खोली. थोडे लाकडी बाक, काही जण जमिनीवर, बाकीचे उभे. खाणं नाही, पिणं नाही, माइकही जवळजवळ नाही. पाऊण तास नुसतं ऐकायचं. आणि तिथं क्लॅरिनेट होतं.

न्यू ऑर्लिन्सचं क्लॅरिनेट ही वेगळीच चीज आहे. ट्रंपेट चाल धरतो, ट्रॉम्बोन खालून रेटतो आणि क्लॅरिनेट त्या दोघांच्या वर वेलीसारखं चढत राहतं. जुन्या वादकांना जुन्या बांधणीची, अल्बर्ट पद्धतीची क्लॅरिनेट आवडायची, कमी चाव्यांची, मोठ्या भोकांची, त्यातून स्वर लाकडासारखा येतो. जॉर्ज लुइस हा इथला मोठा क्लॅरिनेटवाला. दिवसा बंदरावर हमाली करायचा आणि रात्री वाजवायचा. आई पहिल्या बाकावर होती, वादकापासून दोन हातांवर. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही, बोटांकडं बघत बसली. एका लांब सुरानंतर ती माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्याचा दम मोठा हाय." एवढं कौतुक तिनं आण्णांचंही कधी तोंडावर केलं नव्हतं.

आता पाण्याचं. २९ ऑगस्ट २००५ ला कॅट्रिना आलं. वादळानं शहर बुडवलं असं आपण म्हणतो, पण शहर बुडालं ते कालव्यांच्या भिंती फुटल्या म्हणून. ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं आणि आठवड्याआठवड्यांनी उपसलं. डॉ. मायकेल व्हाइट हे इथले नामवंत क्लॅरिनेटवादक आणि प्राध्यापक. पन्नासहून जास्त जुनी क्लॅरिनेट त्यांनी जमवली होती, काही मोठ्या वादकांच्या हातची. सगळी पाण्यात गेली. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आमचा माळा आला. त्याच पावसाळ्यात कृष्णा-कोयनेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं होतं आणि आण्णांनी धान्याच्या आधी वाद्याची पेटी माळ्यावर चढवली होती. आई त्यांच्यावर ओरडली होती. व्हाइट यांच्याबद्दल तिला सांगितलं तर म्हणाली, "मग बरोबरच केलं की त्यांनी."

पुरानंतर वादक अटलांटा, ह्यूस्टन, कुठं कुठं फेकले गेले. तरी रविवारच्या मिरवणुकीसाठी लोक शेकडो मैल गाडी चालवत यायचे आणि रात्री परत जायचे. शहराच्या अपर नाइन्थ वॉर्डात वादकांसाठी सत्तरेक घरांची वस्ती उभी राहिली, रंगीत लाकडी घरं, मध्ये मुलांना संगीत शिकवायचं केंद्र. आम्ही तिथून चक्कर मारली. एका ओट्यावर कोणीतरी सॅक्सोफोनवर तीच तीच जागा घोटत होतं.

मुलांना शिकवण्याची गोष्ट तर जुनी आहे. १९७० च्या सुमारास पितळी बँड म्हाताऱ्यांबरोबर संपणार असं वाटत होतं. डॅनी बार्कर नावाचा बँजोवादक न्यू यॉर्कहून गावी परतला होता. त्यानं एका चर्चच्या आश्रयानं वस्तीतल्या पोरांचा बँड काढला. आजचे कितीतरी नामवंत त्यातून निघाले, मायकेल व्हाइटही. एका माणसानं थोडी पोरं हाताशी धरली आणि परंपरा वाचली. कराडात हे कोणी केलं असतं तर, असं माझ्या मनात आलं आणि अजून जात नाही.

जेवणाचं लिहिल्याशिवाय न्यू ऑर्लिन्स पुरं होत नाही. शुक्रवारी दुपारी आम्ही डुकी चेजमध्ये जेवलो होतो. १९४१ साली छोट्या दुकानासारखं सुरू झालेलं हे खानावळवजा घर तिथल्या सुनेनं, लीआ चेज यांनी नावारूपाला आणलं. गोऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांनी एका टेबलावर बसणं गुन्हा होता त्या काळात नागरी हक्कांच्या चळवळीतली माणसं इथं माडीवर एकत्र बसून गम्बो, म्हणजे इथलं दाट कालवण, खायची आणि पुढचे बेत आखायची. २०१९ साली ९६ व्या वर्षी त्या गेल्या. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी इथं पाल्यांचा गम्बो करतात, आपल्या ऋषीच्या भाजीसारखा, नाना पाले एकत्र शिजवून. पाल्यांची संख्या विषम हवी हा नियम.

साध्या गम्बोचा जीव रू मध्ये असतो. तेलात मैदा घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, तांबूस, मग तपकिरी, मग जवळजवळ चॉकलेटी होईपर्यंत. करपला तर टाकून पुन्हा. मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, मग कोळंबी, खेकडे, सॉसेज. एका छोट्या ठिकाणी आम्हाला भेंडीचा गम्बो मिळाला. भेंडीची तार मोडायला आपण चिंच, कोकम घालतो, तिथं ती तारच हवी असते, रस दाट व्हायला. भेंडी इथं आफ्रिकेतून आलेल्या माणसांबरोबर आली. आईनं वाडगा संपवला, फक्त तिखट कमी म्हणून टेबलावरचा सॉस भरपूर ओतला.

आणि सोमवारी राजमा-भात. रविवारच्या जेवणातलं हॅमचं हाड सोमवारी राजम्यात टाकून चुलीवर ठेवायचं आणि बायकांनी दिवसभर धुणं धुवायचं, अशी ती सोय. वॉशिंग मशीन आली तरी सोमवार बदलला नाही. आर्मस्ट्राँग पत्राच्या शेवटी सहीच्या वर 'आपला राजमा-भातपूर्वक' अशा अर्थाचं लिहायचा. निघायच्या आधी आम्ही तो खाल्ला, आणि वाटेसाठी पो-बॉय बांधून घेतले. लांब पावात तळलेली कोळंबी. १९२९ साली ट्रामवाल्यांचा मोठा संप झाला, तेव्हा पूर्वी ट्रामवर कंडक्टर असलेल्या मार्टिन भावांनी संपकऱ्यांना फुकट जेवू घालायचं ठरवलं, तिथून हे सँडविच नावाला आलं. मला या शहराचं खाणं एवढं का आवडलं, त्याचं अर्धं कारण या असल्या गोष्टी आहेत.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सेकंड लाइन ऑगस्टच्या शेवटापासून जूनमधल्या फादर्स डेपर्यंत बहुतेक रविवारी असते, भर उन्हाळ्यात नसते. त्या आठवड्याचा मार्ग डब्ल्यूडब्ल्यूओझी या स्थानिक रेडिओच्या संकेतस्थळावर मिळतो. पाणी आणि खाणं वाटेत वस्तीतल्या लोकांच्या गाड्यांवरून विकत घ्या. सभासद आणि बँडच्या भोवती दोरी धरलेली असते, तिच्या आत शिरू नका. बाजूनं किंवा मागून चाला. म्हातारं माणूस बरोबर असेल तर पुलाखाली आधी जाऊन जागा धरा. रस्त्यावर कुठंही बँड ऐकलात तर समोरच्या बादलीत नोट टाका, फोटो काढलात तर जास्त टाका, आणि टाकताना वाजवणाऱ्याचं नाव विचारा. सांगतात.